डाव्या पायाचा ट्रक

भावोजींचा निरोपसमारंभ ऐन रंगात आला होता आणि भावोजी संडासात जाऊन बसले होते.

मालक माईकवर बोलत होते. "यांनी खात्याची सूत्रं हाती घेतल्यापासून आपल्या कारखान्याचा एक बूटसुद्धा चोरीला गेला नाही," असं ते म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बघते तर पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली. उठले मी. पुरुषांच्या संडासाच्या दारावर थाप मारायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली माझ्यावर. "भावोजी, चहा निवतोय," म्हटलं. आतून आवाज आला, "पोट बिघडलंय म्हणून सांग."

पोटबिट काही बिघडलेलं नव्हतं. बाहेर पाहुणे म्हणत होते, काय विनयी माणूस हो! विनय कसला डोंबलाचा. लाज होती ती. कुणी कौतुक करायला लागलं की या माणसाला पळायला वाट पुरत नाही. त्याचं कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत, मालक सांगतात ते अर्धंच असतं, आणि ताईला विचाराल तर ती डोळ्यांना पदर लावून मोकळी होईल. राहता राहिले मी. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे, तेव्हा मीच सांगते.

आमचा बुटांचा कारखाना. मी शिवणखात्यात, म्हणजे बुटाचा वरचा भाग मशीनवर शिवायचा. भावोजी माल रवाना करायच्या खात्याचे मुख्य. तयार बूट खोक्यांत भरायचे, ट्रकवर चढवायचे, लांबलांबच्या दुकानांत धाडायचे. मला या कारखान्यात चिकटवलं ते त्यांनीच, आणि दुसऱ्याच दिवशी फाटकावर माझी पिशवी तपासायला लावली तीही त्यांनीच. "अहो, मेहुणी आहे मी तुमची!" "म्हणून तर," म्हणाले. पिशवीत माझा डबा आणि छत्री. छत्रीसुद्धा उघडून बघितली पहारेकऱ्यानं.

सगळा कारखाना त्यांना पाठीमागे 'कुलूप' म्हणायचा आणि तोंडावर भावोजी. मी भावोजी म्हणायचे, माझं ऐकून शिवणखातं म्हणायला लागलं, मग काय, ड्रायव्हरसुद्धा भावोजीच म्हणायला लागले. घरी सायकलला कुलूप, कुलपाला साखळी, आणि साखळी खिडकीच्या गजाला. ताई म्हणायची, चोरानं सायकल न्यायची ठरवली तर त्याला घरच उचलून न्यावं लागेल.

पण उगीच कुणी असं होत नाही. नोकरीला नवीन होते तेव्हा त्यांनी पाठवलेला एक भरलेला ट्रक मुक्कामी पोचला तो नुसत्या रिकाम्या खोक्यांचा. रस्त्यात कुणीतरी सगळे बूट लांबवले होते. संशय कुणावर? ज्यानं माल मोजून चढवला त्याच्यावर. ताईचं नुकतंच लग्न झालेलं, आणि नवऱ्याची रोज चौकशी. शेवटी खरे चोर सापडले, पण तोवर या माणसाचं रक्त आटलं होतं. दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. आमचे भावोजी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

तेव्हापासून त्यांनी ती पद्धत काढली. सगळे डावे बूट एका ट्रकमध्ये, सगळे उजवे दुसऱ्या. डावा ट्रक आज निघणार, उजवा उद्या. दुकानात दोन्ही पोचले की खोक्यांवरचे आकडे बघून जोड्या लावायच्या. रस्त्यात ट्रक लुटला तरी लुटणाऱ्याच्या हाती काय? नुसते डावे. ते कोण विकत घेणार? "चोराला अक्कल असते," भावोजी म्हणायचे, "तो एका पायाच्या बुटासाठी तुरुंगात जात नाही." काम दुप्पट व्हायचं, ड्रायव्हर शिव्या द्यायचे, दुकानदार वैतागायचे. पण चोरी बंद झाली ती झालीच. मालकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या कारखान्यांची माणसं बघायला आली. भावोजींच्या आयुष्यातला अभिमान म्हणाल तर हा एवढाच. मुलं काही फार शिकली नाहीत, घर भाड्याचं, पण डावा-उजवा ही पद्धत माझी, असं ते कुणालाही सांगायचे.

आणि मग डोंगरापलीकडे युद्ध पेटलं.

पलीकडचा देश म्हणजे काही फार लांब नाही. आमच्याकडे कामाला येणारी निम्मी माणसं तिकडचीच. शिवणखात्यात माझ्या शेजारच्या मशीनवरची बाईसुद्धा. तिकडे शाळेत शिकवायची, इथे बुटांचे अप्पर शिवायची. आमची भाषा आमच्यापेक्षा नीट बोलायची आणि आमची वाकडी शिवण दिसली की गप्प बसायची नाही, म्हणून ती मास्तरीणबाई. मला तर दिवसातून चारदा उसवायला लावायची. मी चिडायचे, ती हसायची. तिची म्हातारी आई तिकडे गावात एकटी.

पहिल्या बातम्या आल्या त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मालक माणूस चांगला, हे आधीच सांगून टाकते. ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांना पगारी रजा, म्हणाले. ऑफिसातला फोन त्यांच्यासाठी खुला. जेवणाच्या हॉलशेजारी प्रशिक्षणाचा हॉल आहे तिथे खाटा टाकू, निसटून येतील त्या नातेवाइकांनी तिथे राहायचं, येतील त्यातल्या ज्यांना काम हवं त्यांना काम. सीमेवर आपली बस जाईल आणि माणसं घेऊन येईल. आमच्यातलेच काही कुरकुरले की आमच्या आजारपणाला रजा नाही आणि यांना फुकट पगार. असतात असे नग. पण बाकीच्यांनी मनापासून केलं. अस्तराच्या कापडाचे पडदे आम्हीच शिवले, दोन खाटांमध्ये एक, म्हणजे बायामाणसांना कपडे बदलायला आडोसा.

कर्मचारी-कल्याणाची एक बाई होती ऑफिसात. ती मास्तरीणबाईंच्या मागे लागली, तुम्ही घरी विश्रांती घ्या, रजा घ्या. मास्तरीणबाई म्हणाली, "घरी भिंती बघू का मी? इथे मशीन चालतं तोवर डोकं बंद असतं." शेवटी त्या बाईला एक गोष्ट सुचली, शहाणपणाची तेवढीच एक. तिनं ऑफिसातल्या फोनची तार लांबवून शिवणखात्याच्या कोपऱ्यात आणली. फोन वाजला की सगळी मशीनं थांबायची आणि पलीकडच्या बाया एकमेकींकडे बघायच्या, कुणाचा असेल म्हणून.

एकदा तो मास्तरीणबाईंचा होता. आई सुखरूप आहे! गावातून पळून नदीकाठच्या छावणीत पोचली आहे. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण पुढचं ऐकल्यावर पुन्हा वर आला. छावणीतून आपल्या बाजूला यायचं तर पूल आहे, त्यावर फक्त लष्कराच्या आणि मदतीच्या गाड्या, माणसांना बंदी. माणसांनी डोंगरावरच्या पायवाटेनं यायचं, बर्फातून, आणि म्हातारी घरातल्या कापडी सपाता घालून निघालेली. त्याही वाटेत फाटल्या. तिथली निम्मी माणसं तशीच, कुणी अनवाणी, कुणी पायाला पोतं गुंडाळलेलं. ज्यांच्या पायात काही आहे ते निघतायत, बाकीचे बसून आहेत.

मालकांच्या कानावर गेलं तसे ते स्वतः शिवणखात्यात आले. एका बड्या गिऱ्हाइकासाठी बनवलेले थंडीचे बूट गोदामात तयार होते, घोट्याच्या वरपर्यंतचे, आत लोकर. "ते सगळे छावणीला पाठवा," म्हणाले. "गिऱ्हाइकाचं मी बघतो." खरं सांगते, त्या दिवशी मला या कारखान्याचा अभिमान वाटला. मास्तरीणबाईंनी मालकांपुढे हात जोडले आणि तिथूनच फोन लावला. आईला म्हणाली, "अनवाणी निघू नकोस. आमच्या कंपनीचे बूट येतायत. ते आले की मगच नीघ. माझं ऐक, थांब तिथेच."

आई थांबली.

आता ते बूट गोदामात होते ते जोडीनंच होते. बड्या गिऱ्हाइकाला स्वतःचा ट्रक घेऊन येऊन माल न्यायचा होता, म्हणून एका खोक्यात एक जोडी असे बांधून तयार. ट्रकवर चढवायचे आणि सोडायचे, बस. पण भावोजींनी काय करावं? सगळी खोकी उघडायला लावली. डावे इकडे, उजवे तिकडे. हाताशी माणसं कमी पडली म्हणून शिवणखातंसुद्धा गोदामात बोलावलं. सुटी झाल्यावरही आम्ही थांबलो, ज्यादा पैसे कुणी मागितले नाहीत, चांगल्या कामाला हातभार म्हणून. मास्तरीणबाईही आमच्यात. भराभर खोकी उघडत होती, जोड्या सोडवत होती, कुणाहीपेक्षा जास्त.

मला राहवेना. म्हटलं, "भावोजी, काय चाललंय हे? दान आहे हे. दानाचे बूट कोण चोरतं?"

"दानाचेच चोरतात," ते म्हणाले. "विकतच्या मालाला कुणीतरी वाली असतो. दानाच्या मालाला कोण विचारतं?"

"अहो, तिथे माणसं बर्फात उभी आहेत!"

"तीच तर! अडलेला माणूस काय करेल याचा नेम असतो का? वाटेत गाडी अडवतील, खोकी फोडतील, चार-चार जोड्या पळवून बाजारात विकतील. तू नको मला शिकवू, धाकटे. मी बघितलंय सगळं."

भावोजींचा आवाज मुळातच मोठा. मास्तरीणबाई तिथेच, हातभर अंतरावर, खाली मान घालून बसलेली. भावोजींची नजर तिच्यावर गेली तशी त्यांनी जीभ चावली. "तुमच्याबद्दल नाही हो म्हटलं, मास्तरीणबाई."

"नाही, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि पुढचं खोकं उघडलं.

मला तेव्हा आरडाओरडा करायला हवा होता. मालकांना बोलवायला हवं होतं. पण अनुभवाचा माणूस, त्यात घरचा; चार जणांत त्याचा किती पाणउतारा करायचा, असं वाटलं आणि मीही बसले डावे-उजवे करत. सगळेच बसले. जो तो मनात म्हणत होता, हा काय वेडेपणा, आणि जो तो जोड्या सोडवत होता.

डावा ट्रक त्या संध्याकाळी निघाला. ट्रकवर फलक, फलकापुढे मालक आणि कल्याणवाली बाई, फोटो निघाला. उजवा दुसऱ्या संध्याकाळी. मी पुन्हा म्हटलं, निदान दोन्ही बरोबर तरी सोडा, पण छे. मध्ये एका दिवसाचं अंतर हवंच, नाहीतर एकच टोळी दोन्ही गाड्या धरेल, म्हणाले.

डावा पोचल्याचा फोन आला. मास्तरीणबाईंच्या आईचा. "बूट आले, माणशी एक दिला," ती म्हणत होती. "दुसरा उद्या येतोय म्हणतात. इतका उबदार आहे गं, मी दोन्ही पाय आळीपाळीनं घालून बघतेय." मास्तरीणबाई हसत होती आणि रडत होती. "एका बुटावर निघू नकोस हं," तिनं पुन्हा बजावलं. "उद्यापर्यंत कळ काढ."

दुसऱ्या दिवशी पूल पाडला. उजवा ट्रक तिथे पोचायच्या आधीच. नदीच्या अलीकडे रांगेत उभा होता, तिथूनच त्याला परत पाठवलं.

तो परत कारखान्यात आला तेव्हा भावोजी अंगणातच होते. ड्रायव्हर खाली उतरला, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि निघून गेला. गोदामात पुन्हा सगळी खोकी रचली गेली. नुसते उजवे. आणि नदीपलीकडे नुसते डावे. भावोजी त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. त्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकलेली मी डोळ्यांनी बघितली. त्यांना काय दिसत होतं ते न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. सगळी खोकी जशीच्या तशी चढवून त्याच दिवशी सोडली असती, तर तिथल्या प्रत्येकाच्या पायात जोडी असती.

मग सुरू झालं सांत्वन. मालक म्हणाले, "अहो, पूल काय तुम्ही पाडलात? युद्ध आहे ते." कल्याणवाली बाई म्हणाली, ही गोष्ट बाहेर बोलू नका, आपला फोटो पेपरात आला आहे. ताई म्हणाली, तुमच्या मनात वाईट नव्हतं ना, मग झालं. प्रत्येकानं एकेक पांघरूण आणून या माणसावर घातलं. रागावलं म्हणून कुणी नाही. मी रागावले, पण माझ्या रागावण्याची त्यांना सवय. "बोल, अजून बोल," म्हणाले मला.

मास्तरीणबाईंशी बोलायला ते शिवणखात्यात आले. तिच्या मशीनसमोर उभे. तिनं मशीन थांबवलं नाही. शिवता शिवताच म्हणाली, "मीच सोडवल्या ना त्या जोड्या. माझ्या हातांनी." भावोजी आले तसे परत गेले. त्या दिवसापासून कोपऱ्यातला फोन तिच्यासाठी वाजेना. छावणीवर तोफगोळे पडायला लागले होते, म्हातारी तिथे आहे की निघाली, जिवंत आहे की नाही, कशाचा पत्ता नाही. आणि तिला तिथे थांबवून ठेवणारी कोण? तिची स्वतःची लेक. आमच्या भरवशावर.

पुढच्या खेपेला बस सीमेवर निघाली तेव्हा भावोजी बसमध्ये येऊन बसले. गोदाम सोडून हा माणूस कुठे जात नाही, लोक चकित. मास्तरीणबाई होती, तिच्या सोबतीला मी होते, कल्याणवाल्या बाईनं दिलेली ब्लँकेटं होती.

सीमेवर पत्र्याची एक लांब शेड होती. समोरच्या डोंगरावरून पायवाट उतरत शेडपर्यंत आलेली, आणि तिच्यावरून माणसं येत होती, एकामागे एक. दुपारचं स्वच्छ ऊन होतं, सगळं लख्ख दिसत होतं. इतर लोक येणाऱ्यांचे चेहरे बघत होते, आपलं माणूस शोधत. भावोजी पाय बघत होते. बुटांच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस, दुसरं काय बघणार! मग मीही खाली बघितलं, आणि वाटलं, बघितलं नसतं तर बरं झालं असतं. आमचे बूट. घोट्याच्या वरपर्यंतचे, आत लोकर. काहींच्या डाव्या पायात बूट आणि उजव्याला चिंध्या. आणि कितीतरी जणांच्या दोन्ही पायांत डावेच. उजवा पाय डाव्या बुटात कोंबला की माणूस कसा चालतो ते तुम्ही कधी बघितलं नसेल. पाय एकीकडे जायला बघतो, बूट दुसरीकडे ओढतो. कुणी बाजूनं सुरीनं फाडून पायाला जागा केली होती. एक बाप पाठीवर पोराला घेऊन तसा फेंगडत चालला होता. आणि प्रत्येक बुटावर आमच्या कारखान्याचा शिक्का.

भावोजी बसच्या मागे जाऊन उभे राहिले. मी गेले आणि दंडाला धरून ओढून आणलं त्यांना. "लपता कुठे?" म्हटलं. "आलात ना? मग बघा." वाईट बोलले. पण माझाही संताप संताप होत होता, आणि कुणावर होतोय ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात मास्तरीणबाई धावली.

म्हातारी काठी टेकत येत होती. लहानखुरी, वाळलेली, अंगावर कुणा पुरुषाचा कोट. दोन्ही पायांत बूट, दोन्ही डावे. मायलेकी एकमेकींना बिलगल्या ते बघून मी तोंड फिरवलं, रडूच यायला लागलं मला. आहे, जिवंत आहे, पोचली! वाटलं, चला, सुटलो आपण सगळे. भावोजींनाही तेच वाटलं असणार.

मास्तरीणबाई आईला धरून बसकडे घेऊन आली. बसवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली तोच शिक्का. म्हातारीनं शिक्का बघितला आणि थबकली. वर चढायला तयार होईना. लेक सांगतेय, ओढतेय, ही काठी घट्ट रोवून उभी. मग दाराजवळच्या बाकावर बसली आणि उजव्या पायाच्या बुटाची नाडी सोडायला लागली. बूट निघताना ती दातओठ खात होती. मोजा पायाला चिकटलेला, बोटं काळी पडलेली. ती पुढे डॉक्टरांनी काढलीच. तो बूट तिनं कोटाच्या बाहीनं पुसला, दोन्ही हातांत धरला आणि लेकीला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," मास्तरीणबाई म्हणाली, "कंपनीचं मोठं माणूस कोण आहे इथे?"

आम्ही सगळ्यांनी भावोजींकडे बघितलं. मालक नव्हते, दुसरं होतं कोण? भावोजी पुढे झाले. तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसले.

म्हातारी बोलायला लागली. खाली मान, हळू आवाज, बूट पुढे धरलेला. तिचं बोलणं संपलं तरी मास्तरीणबाई बोलेना. आईनं कोपरानं ढोसलं, सांग म्हणून. मग तिनं सांगितलं, अडखळत, एकेक वाक्य.

"माणशी एकच बूट दिला होता. हा माझा नाही, म्हणते. शेजारच्या खाटेवर एक आजारी बाई होती, तिनं आपला उशाखाली ठेवला होता. पूल पडल्यावर... ती झोपली असताना मी तो काढून घेतला. वाटलं, ती कुठे चालणार आहे आता. ती उठली आणि शोधायला लागली. आणि मीही तिच्याबरोबर शोधायचं नाटक केलं. खाटेखाली वाकून बघितलं." मास्तरीणबाई थांबली. म्हातारी पुढे काहीतरी म्हणाली. "म्हणते, आमच्या घरात कुणी कधी दुसऱ्याच्या काडीला हात लावला नाही. तुम्ही बूट मोजून पाठवले असतील. एक माझ्याकडे जास्त आहे. तो परत घ्या, आणि मला माफ करा. चोर होऊन तुमच्या बसमध्ये कशी बसू?"

आजूबाजूला माणसं येत होती, जात होती. भावोजींना बूट घ्यायला हात उचलता येईना. "सांगा त्यांना," ते कसेबसे म्हणाले. "मास्तरीणबाई, त्यांना सांगा की चोरी त्यांची नाही. जोड्या मी सोडवल्या. मला वाटलं होतं की... सांगा, चूक माझी आहे. मीच त्यांची..."

"नाही," मास्तरीणबाई म्हणाली.

"अहो, पण..."

"मी नाही सांगणार." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शाळेत तो लावत असेल कदाचित. "ते सांगून तुम्हाला हलकं वाटेल, भावोजी. तुमचं तुम्ही नंतर बघा. तिला आत्ता बसमध्ये बसायचंय, तिच्या पायाला डॉक्टर हवाय. तिनं माफी मागितलीय. माफ केलं म्हणा."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. म्हातारी बूट धरून तशीच बसली होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

त्यांनी तो बूट घेतला.

"माफ केलं," भावोजी म्हणाले.

मास्तरीणबाईंनी ते आईला सांगितलं. म्हातारीचा चेहरा एकदम सैल झाला, तिनं त्यांचे दोन्ही हात बुटासकट आपल्या हातांत घेतले, आणि कितीतरी वेळ ती काही ना काही बोलत राहिली.

"काय म्हणतायत?" भावोजींनी विचारलं.

"म्हणते," मास्तरीणबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं मन फार मोठं आहे."